औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : चित्र, कीर्तन आणि नित्यनेम

मराठी वाङ्मयाच्या आणि कलेच्या इतिहासात संस्थानिकांची नावे बहुधा अर्पणपत्रिकांतून आणि देणगीदारांच्या याद्यांतून भेटतात. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची नोंदही सामान्यतः याच रकान्यात केली जाते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे देणगीदार, किर्लोस्करवाडीला जागा देणारे राजे, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि १९३५ च्या इंदूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख चारदोन ओळींत आटोपते. ही ओळख खोटी नाही, परंतु अपुरी आहे. आश्रयदाता दुसऱ्याच्या कलेला द्रव्य पुरवितो व आस्वादापुरता तिच्याजवळ येतो. बाळासाहेब स्वतः रंग कालवीत, स्वतः कीर्तनाला उभे राहत, लेण्यांवर स्वतः पुस्तके लिहीत. त्यांच्या दृष्टीने कला हा दरबाराचा अलंकार नव्हता. स्नानसंध्येप्रमाणे रोज करावयाचे ते एक कर्म होते. चित्र, शिल्प, वास्तू आणि गायन या चारही कलांकडे ते याच वृत्तीने वळले. या वृत्तीने त्यांना पुष्कळ दिले आणि काही बाबतींत त्यांची वाट अडवलीही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज त्यांच्या चरित्राचा अर्थ लागत नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. घराणे किन्हईच्या कुलकर्ण्यांचे. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात परशुराम त्रिंबक यांनी जी सेवा केली तिच्यातून या घराण्याकडे प्रतिनिधिपद आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पदाचा राजकीय अर्थ संपला होता आणि उरले होते ते सुमारे पाचशे चौरस मैलांचे, बहात्तर गावांचे एक विस्कळीत संस्थान. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर पडलेले होते. मुलूख बराचसा दुष्काळी, उत्पन्न बेताचे. बडोद्याशी किंवा कोल्हापूरशी औंधची तुलना करताना हे आकारमान डोळ्यांआड होऊ देऊ नये. सयाजीरावांचे औदार्य भरलेल्या खजिन्यातून येत होते, तर औंधला दर रुपया मोजून द्यावा लागे.

बाळासाहेब हे धाकटे चिरंजीव असल्यामुळे गादी त्यांच्याकडे येईल अशी अपेक्षा नव्हती. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले आणि १८९५ ते १९०१ या काळात त्यांनी वडिलांचे मुख्य चिटणीस म्हणून काम पाहिले. वडिलांच्या निधनानंतर गादी थोरल्या शाखेकडे गेली. पुढे पुतण्याची कारकीर्द ब्रिटिश सरकारने संपुष्टात आणली, आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब गादीवर बसले. म्हणजे त्यांच्या आवडीनिवडी, वाचन, व्यासंग आणि दिनक्रम राजेपणाच्या आधी घडलेले होते. राजा झाल्यावर छंद जडलेला हा गृहस्थ नव्हे. पदवीधर, कारकुनी केलेला, हाताने काम करण्याची सवय असलेला एक मध्यमवयीन माणूस राजा झाला, हे त्यांच्या पुढील वर्तनाचे बऱ्याच अंशी स्पष्टीकरण आहे.

त्यांच्या चित्रकलेची जडणघडण ज्या काळात झाली तो रविवर्म्याच्या प्रभुत्वाचा काळ होय. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यातून निघालेल्या रंगीत चित्रांनी महाराष्ट्रातील देवघरे, माजघरे आणि दुकाने व्यापून टाकली होती. सरस्वती, लक्ष्मी, दमयंती, शकुंतला यांची मराठी माणसाच्या मनातली रूपे या छापील चित्रांनी कायम केली. नऊवारी लुगडे नेसलेली, नथ घातलेली, छायाप्रकाशात उजळून निघालेली ही पौराणिक स्त्री पाहताना ती पुराणकाळातली आहे की साताऱ्याच्या पेठेतली, असा प्रश्न कोणालाही पडत नसे. तो पडू नये यातच त्या चित्रांचे यश होते. बाळासाहेबांची आरंभीची चित्रे याच परंपरेतली आहेत. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘चित्ररामायण’ हे तिचे ठळक उदाहरण. रामकथा क्रमाने, प्रसंगाप्रसंगाने, चित्रांतून सांगण्याचा हा उपक्रम म्हणजे एका कीर्तनकाराने हाती कुंचला घेतल्यासारखा आहे. प्रसंगाची निवड कथेच्या ओघाने होते, पात्रे भावाने ओळखू येतात, आणि पाहणाऱ्याला कथा आधीच ठाऊक आहे हे चित्रकार गृहीत धरतो. रेखाटनाच्या दृष्टीने या चित्रांत उणिवा आहेत, आकृत्या कित्येकदा ताठर वाटतात, आणि रविवर्म्याचा रंगांवरील ताबा येथे अपेक्षू नये. मात्र ही चित्रे भिंतीवर टांगण्याच्या हेतूने काढलेली नाहीत. पोथीप्रमाणे ती पानामागून पान उलटून पाहावयाची आहेत, आणि तशी पाहिली तरच त्यांचे गुण दिसतात.

बाळासाहेब कीर्तनकार होते ही गोष्ट चरित्रलेखक विक्षिप्त राजाची एक लकब म्हणून सांगतात. वास्तविक त्यांच्या कलादृष्टीचा पाया येथेच शोधावा लागेल. नारदीय कीर्तन हा मुळातच संमिश्र कलाप्रकार आहे. पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान, त्यात पेरलेली पदे, आर्या, साक्या, दिंड्या, टाळमृदंगाची साथ आणि कीर्तनकाराचा अभिनय हे सारे एकाच देहातून प्रकट व्हावे लागते. शब्द, स्वर आणि दृश्य वेगळे काढता येत नाहीत. ज्याच्या अंगी हे मुरले आहे त्याला चित्र, काव्य आणि गायन या स्वतंत्र कला आहेत हा आधुनिक विचार सहजासहजी पटणार नाही. औंधच्या दरबारात पंडित अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी हे गवई होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या ग्वाल्हेर परंपरेतील हे नाव. त्यांचे चिरंजीव गजाननराव पुढे गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्धीस आले. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला. या गावाने ख्याल ऐकला तो मंदिराच्या परिसरात, तिकिटाच्या खिडकीपासून दूर. ज्या गावाचा राजाच कीर्तनाला उभा राहतो त्या गावाला गाणे परके राहत नाही.

बाळासाहेबांच्या कलाजीवनाला खरी कलाटणी दिली ती अजिंठा आणि वेरूळ यांनी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे करवून घेतल्या होत्या. त्यांपैकी पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस प्रभृती बंगाली चित्रकारांनी नव्याने प्रती केल्या. बंगालने अजिंठ्यातून रेषेचा लालित्यपूर्ण प्रवाह उचलला आणि त्यावर एक संप्रदाय उभारला. बाळासाहेब तिकडे वळले ते वेगळ्याच प्रश्नाने. रामाने, अर्जुनाने, द्रौपदीने नेमके काय परिधान केले असेल, आसने कशी असतील, रथाचे चाक कसे असेल, केशरचना कशी असेल, हे जाणून घेण्याची निकड त्यांना वाटत होती. ही चित्रकाराची नव्हे, पुराणवस्तुसंशोधकाची जिज्ञासा आहे असा आक्षेप घेता येईल, आणि तो निराधार नाही. परंतु या जिज्ञासेपोटी त्यांनी लेण्यांचा जो अभ्यास केला तो वरवरचा नव्हता. १९२९ मध्ये वेरूळवर आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर त्यांनी इंग्रजीत माहितीपर ग्रंथ प्रसिद्ध केले. भिंतीसमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेली ही पुस्तके आहेत. त्यांत सौंदर्यचर्चा थोडी आणि निरीक्षण फार, हा त्यांचा दोष मानावा की गुण, हे वाचकाच्या अपेक्षेवर अवलंबून राहील.

या अभ्यासाचे प्रयोजन महाभारत हे होते. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. पुढील वर्षी, १९१८ च्या जुलैमध्ये, बाळासाहेबांनी महाभारताच्या सचित्र व संशोधित आवृत्तीची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. औंधच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. या घटनेकडे पाहताना सचित्र या विशेषणावर सहसा भर दिला जात नाही. पण बाळासाहेबांच्या मनातील मूळ कल्पनेत चित्र आणि पाठ यांचे महत्त्व सारखेच होते. विद्वानांनी हस्तलिखिते जुळवून शुद्ध पाठ सिद्ध करावा आणि चित्रकाराने प्राचीन शिल्पे व चित्रे जुळवून शुद्ध रूप सिद्ध करावे, अशी ती जोड होती. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि आदिपर्वाचा पहिला खंड १९३३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा मुखपृष्ठावर संपादकाबरोबरच प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारा चित्रकार म्हणून बाळासाहेबांचेही नाव आले. देणगीदाराला चित्रकार म्हणून मान मिळाला एवढाच त्याचा अर्थ नाही. पाठचिकित्सेच्या पद्धतीशी समांतर अशी एक चित्रचिकित्सा येथे प्रयत्नपूर्वक केली गेली, हे त्या मुखपृष्ठाने मान्य केले.

येथेच एक पेच उद्भवला, आणि बाळासाहेबांच्या कलाव्यवहारातील सर्वांत विचारणीय भाग तोच आहे. प्राचीन नमुने पाहू लागताच रविवर्म्याची पौराणिक स्त्री कोसळते. लेण्यांतील स्त्रिया नऊवारी लुगडे नेसत नाहीत. अंतरीय, उत्तरीय आणि मेखला एवढाच त्यांचा वेष असतो. नथ तर कोठेच दिसत नाही. ज्या रूपाशी मराठी श्रोत्याची भक्ती जडलेली आहे ते रूप ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे आहे, हे चित्रकाराला कळून चुकले. दुसऱ्या बाजूने पुण्यातील विद्वानही असेच काही करीत होते. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथा सुकथनकरांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात नेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वाच्या सिद्ध पाठात राहिला नाही. कीर्तनकाराच्या दृष्टीने हे दोन्ही प्रसंग म्हणजे महाभारताचे प्राण होत. गणेशवंदनेने आख्यान उभे राहते आणि द्रौपदीच्या धाव्याला सभामंडपात बसलेल्या बायकांचे डोळे भरून येतात.

अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या औदार्यातून आणि हातातून दोन परस्परविरोधी महाभारते उभी राहत होती. एक शुद्ध केलेले, नमुन्यांशी ताडून पाहिलेले, विद्वन्मान्य. आणि दुसरे ऐकून ऐकून घडलेले, प्रक्षेपांनी समृद्ध, सर्वांचे. हा विरोध बाळासाहेबांनी सिद्धान्ताच्या पातळीवर सोडविला नाही. त्यांनी संशोधनाला द्रव्य देणे थांबविले नाही आणि कीर्तनही सोडले नाही. काही टीकाकारांना ही वैचारिक अस्पष्टता वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी सुशिक्षिताची ही सर्वसाधारण अवस्थाच होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. फरक एवढाच की इतरांना ती लपविता आली, आणि चित्रकाराला आकृती रेखाटताना दर वेळी निर्णय घ्यावा लागला. महाभारतासाठी काढलेली त्यांची चित्रे ‘चित्ररामायणा’पेक्षा कोरडी वाटतात याचे कारणही येथेच असावे. तपशील अचूक झाला, पण प्रसंगाचा ओलावा त्या प्रमाणात उतरला नाही. हे अपयश असले तरी प्रामाणिक अपयश आहे, आणि सोप्या मार्गाने मिळालेल्या यशापेक्षा अभ्यासकाने त्याची अधिक दखल घ्यावयास हवी.

कलेकडे नित्यकर्म म्हणून पाहण्याची ही दृष्टी राजवाड्यापुरती मर्यादित राहिली नाही. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रचार सर्वश्रुत आहे. १९२८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. विशिष्ट क्रमाने, मंत्रोच्चारासह, श्वासाच्या लयीत केली जाणारी ही देहाची रेखाकृती त्यांच्या चित्रकार मनाला भावली असल्यास नवल नाही. उद्योगाच्या क्षेत्रातही हाच धागा दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. बेळगावहून कारखाना हलविण्याची वेळ आली तेव्हा, १९१० मध्ये, बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. एका चित्रकाराने दुसऱ्या, चित्रकलेला मुकलेल्या माणसाला दिलेला हा हात होता. त्या माळावर नांगर झाले आणि १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिकही निघू लागले. मराठी नियतकालिकांच्या मांडणीचा इतिहास लिहिताना या माळाला वगळता येत नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतील काचकारखान्यालाही संस्थानचे पाठबळ मिळाले, आणि तेथील कंदिलाने अनेक मराठी घरांत उजेड केला.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये औंधला आले आणि तीस वर्षे राहिले. वेदांचे भाष्यकार म्हणून ते ओळखले जात असले तरी त्यांचेही शिक्षण मुंबईच्या कलाशाळेतले, आणि चरितार्थाचे साधन बराच काळ चित्रकला व छायाचित्रण हेच होते. वेदसंहिता छापणारा चित्रकार आणि महाभारत रंगविणारा राजा एका खेड्यात एकत्र आले, ही घटना औंधच्या वातावरणाविषयी पुष्कळ काही सांगते. याच गावाच्या शाळेत साने गुरुजी आणि पुढे ग. दि. माडगूळकर शिकून गेले. या दोघांच्या वाङ्मयावर औंधचा संस्कार किती, हा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाचा आहे. घाईने कार्यकारणभाव जोडणे मात्र टाळावे.

१९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना देण्यात आले. आधीच्या वर्षी बडोद्यास ना. गो. चापेकर आणि पुढच्या वर्षी जळगावास माधव ज्यूलियन अध्यक्ष होते. या दोन नावांच्या मध्ये बाळासाहेबांचे नाव काहीसे वेगळे दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ललितलेखक म्हणून त्यांचा दावा नव्हता. त्यांचे महत्त्वाचे मराठी लेखन म्हणजे उतारवयात लिहिलेले ‘आत्मचरित्र’. संस्थानी जीवनाचे साधन म्हणून इतिहासकार ते वापरतात. मराठी आत्मचरित्रांच्या अभ्यासात मात्र त्याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

त्यांच्या दृष्टीचा सर्वांत टिकाऊ आविष्कार मूळपीठाच्या डोंगरावर आहे. यमाईच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, चढणीच्या मध्यावर, त्यांनी श्री भवानी चित्रसंग्रहालय बांधले व १९३८ मध्ये ते सुरू झाले. संग्रहालय राजधानीच्या चौकात न उभारता देवीच्या वाटेवर उभारणे ही स्थापत्याइतकीच विचाराचीही निवड होती. नवस फेडायला निघालेला शेतकरी, जत्रेला आलेली बाई, डोंगर चढताना दम घेण्यास थांबलेले म्हातारे हेच या चित्रांचे प्रेक्षक व्हावेत, अशी ही योजना दिसते. दालनांत दिवसाचा उजेड चित्रांवर पडेल अशी रचना आहे. त्यामुळे तेथील चित्र सकाळी वेगळे आणि उतरत्या दुपारी वेगळे दिसते. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, किरातार्जुनीयाची पहाडी चित्रमालिका, चंदन व हस्तिदंत यांवरील कोरीव काम, युरोपीय चित्रशिल्पांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्प एकाच छपराखाली आहेत. शिस्तबद्ध संग्रहशास्त्राच्या कसोटीवर ही मांडणी संमिश्र ठरेल. पण कीर्तनाच्या आख्यानातही वेद, पुराण, लावणीची चाल आणि कालची गावातली गोष्ट अशीच शेजारी शेजारी बसतात.

संग्रहालय उभे राहिले त्याच सुमारास बाळासाहेबांनी राज्यत्यागाचा निर्णय घेतला. गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रीडमन आणि चिरंजीव आप्पासाहेब यांच्या सहकार्याने तयार झालेली राज्यघटना १९३९ मध्ये अमलात आली आणि कारभार ग्रामपंचायतींपासून वर उभारलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती गेला. सत्तरी ओलांडलेल्या राजाने सत्ता सोडली. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत स्वतंत्रपूर ही याच काळातली. पुढे तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा माडगूळकरांनी लिहिली.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले, तेव्हा महाभारताचे काम अर्ध्यावर होते. त्या आवृत्तीचे शेवटचे पर्व पूर्ण व्हावयास १९६६ साल उजाडले. गणपती परिशिष्टातच राहिला, आणि औंधच्या देवळात कीर्तनाचा आरंभ पूर्वीप्रमाणे त्याच्याच वंदनेने होत राहिला.